शनिवारी पुसलेलं वजन

८ जानेवारी

मामा,

तागडीच्या बुडाला चिकटवलेलं मेण मी सुरीनं खरवडत होतो आणि दुकानदार मला विचारत होता, चहात साखर किती. मेण तीस ग्रॅम भरलं. तेवढ्यात त्याचा मेहुणा आत आला. दुकानदार म्हणाला, "हे याचं काम, साहेब. मी साधा माणूस." मेहुण्यानं मान डोलावली. त्याला बहुधा हे दर वेळी करावं लागतं. कागदावर सही करता करता दुकानदारानं माझा कप पुन्हा भरला.

जिल्ह्यागणिक एक पान असलेली तुमची वही मी उतरवून घेतली होती, तिच्यातलं मैदानाचं पान खरं निघालं. 'इथला माणूस हात जोडून फसवतो.' बंदराचं पानही खरं होतं. तिथं मासे विकणारी एक बाई तागडीवर अंगठा दाबायची. मी पकडलं तर म्हणाली, "अंगठा काय घरी ठेवून येऊ?" सगळा बाजार हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तिनंच लांबून हाक मारून विचारलं, आज कुठला अंगठा बघणार. डोंगरात वजनं बरोबर होती, पण लोकरीच्या गठ्ठ्यातून दगड निघाले. मी सात दगड ओळीनं मांडले. गठ्ठेवाला गठ्ठ्याच्या एका कोपऱ्याकडे बघत राहिला, म्हणून मला कळलं की आठवाही आहे. राजधानीत माल पाकिटात, वजन छापलेलं. तिथले लोक रांगेत घुसतात आणि शेजाऱ्याविरुद्ध निनावी पत्रं लिहितात. माझ्या टेबलावर महिन्याला चाळीस यायची.

बदलीचा हुकूम आला आहे. तुमचा जिल्हा, तुमचीच खुर्ची. तुम्ही निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं ती रिकामी होती. शेजारच्या जिल्ह्याचा निरीक्षक वर्षातून एकदा येऊन दुकानदारांच्या वजनांवर शिक्के मारून जायचा. तुमच्या वहीत त्या जिल्ह्याचं पान कोरं आहे. मी तिथं काय शोधायचं?

आईला सांगा, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा


१३ जानेवारी

भाच्या,

पान कोरं आहे ते लिहायचं राहिलं म्हणून नव्हे. सव्वीस वर्षांत लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. या लोकांना खोटं वजन ठेवायला लाज वाटते. ती लाज आपोआप आलेली नाही. मी आणली.

ऑफिसात डावीकडचं कपाट, खालचा खण. निळ्या मखमलीच्या पेटीत जिल्ह्याचं प्रमाण वजन आहे. एक किलो, पितळी. जिल्ह्यातलं प्रत्येक वजन त्याच्याशी तोलून मग शिक्का घेतं. दर शनिवारी दुपारी मी ते बाहेर काढायचो, बारीक राखेनं घासायचो, मऊ फडक्यानं पुसायचो. एक शनिवार चुकवला नाही. तुझ्या मामीला दवाखान्यात ठेवलं होतं त्या शनिवारीही नाही. लोक मला लखलखीत साहेब म्हणायचे. तुझी आई म्हणते, चेष्टेनं म्हणायचे. म्हणोत. त्या वजनात तोंड दिसायचं.

तूही तेच कर.

मामा

मी गुडघ्याला तेल लावते. तुझ्या मामांना शनिवारी घासायला आता वजन नाही, म्हणून माझी पातेली घासतात. दोघांची बुडं पातळ झाली. दूध लागतं. - आई


२७ जानेवारी

मामा,

रुजू झालो. पेटी उघडली. वजनात तोंड दिसलं.

काल पहिली तपासणी केली. बाजाराच्या कोपऱ्यावरची किराणावाली, साठीची, एकटी दुकान चालवते. तुम्ही ओळखत असाल. तिच्या फळीवर बरण्या उंचीप्रमाणे लावलेल्या आहेत. माझ्याबरोबर माझी फिरती वजनपेटी असते, तिच्याशी मी तिचं एक किलोचं वजन तोललं. सहा ग्रॅम कमी. एक ग्रॅम इकडे तिकडे चालतं, सहा चालत नाही. मी दोनदा तोललं, तागडी बदलून तिसऱ्यांदा तोललं.

लोखंडी वजनाच्या पोटात भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं, हे मी तुम्हाला काय सांगू. वजन जड झालं तर शिसं कोरायचं, हलकं झालं तर घालायचं. तिच्या वजनातलं शिसं खोलवर कोरलेलं होतं आणि वर गेल्या वर्षीचा आपला शिक्का होता. म्हणजे शिक्का मिळाल्यावर तिनं शिसं काढलं आणि शिक्का पुन्हा नीट बसवला, असं मी धरलं. वजन जप्त केलं, दुकान बंद केलं, कुलपावर लाख ओतली. तिनं हुज्जत घातली नाही. म्हणाली, "सांभाळून ओता साहेब, हात भाजेल." मग म्हणाली, "शिक्काही तुमचा, सीलही तुमचं. यात माझं काय आहे?"

सुनावणी १० मार्चला. दोष ठरला तर परवाना कायमचा जाईल. तिला दुसरं काही येत नाही, असं तिनं सांगितलं नाही, पण मला दिसलं.

माझ्या प्रतीतल्या कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिताना बरं वाटलं नाही.

भाचा


३१ जानेवारी

भाच्या,

ओळखतो. माझ्या काळात तिच्याबद्दल एक तक्रार नव्हती. दोन वर्षं खुर्ची रिकामी राहिली की हे होतं.

दया दाखवू नकोस. बंदरात एका अंगठ्याला सोडलं तर काही बिघडत नाही, तिथं सगळेच अंगठे तसले. इथं एकाला सोडलंस तर सव्वीस वर्षं जातील. बाकीची दुकानं तपास. ती स्वच्छ निघतील, आणि तुझ्या मनातली खळखळ जाईल.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

तपासली. तिच्या समोरच्या खिळे-कुलपं विकणाऱ्याकडे गेलो. सहा ग्रॅम कमी. पीठवाल्याकडे गेलो. सहा. यातल्या कुठंही मी लाख पेटवली नाही, कुणाला आकडाही सांगितला नाही. पुढचे चार दिवस नुसता तोलत हिंडलो. एकतीस दुकानं, सगळीकडे सहा, कुठं साडेपाच.

मी पाच जिल्हे पाहिले. चोरी एकसारखी नसते, मामा. एकाचा अंगठा, दुसऱ्याचं मेण, तिसऱ्याचा दगड. एकाच बाजारातले दोन चोरसुद्धा एका मापाची चोरी करत नाहीत. इथं एकतीस माणसं सहा ग्रॅमवर येऊन थांबली आहेत. ठरवूनही हे जमणार नाही.

म्हणून काल संध्याकाळी माझा किलो आणि ऑफिसचा प्रमाण किलो समोरासमोर ठेवले. ऑफिसचा वर गेला. मी सहा ग्रॅम घातले, तेव्हा काटा मध्ये आला.

प्रमाण वजन दर दोन वर्षांनी बंदराच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवायचं असतं. कपाटात मला एकच दाखला सापडला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा. बाकीचे कुठं ठेवलेत?

आणखी एक. बंदरात मी दुकान बंद केलं की शेजारी टाळ्या पिटायचे आणि मागच्या दारानं त्याचा माल विकून द्यायचे. मैदानात शेजारी माझ्याकडे रदबदली करायला यायचे. इथं तिसऱ्या दिवसापासून लोक तिच्या घरासमोरून रस्ता ओलांडून पलीकडून जातात. खिळेवाला मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तीस वर्षं शेजारी राहिलो, कळलं नाही हो." मी त्याच्या फळीवरच्या किलोकडे बघत होतो.

भाचा


१३ फेब्रुवारी

भाच्या,

तुझी फिरती पेटी कुठून आली? बंदराच्या प्रयोगशाळेतून. मग दोष कुठं शोधायचा हे तुला मी सांगावं लागतं? त्या गावात हात लावाल ते घटतं नाहीतर फुगतं. तुझा किलो जड आहे. परत पाठव आणि दुसरा मागव.

आणि समजा, नुसतं समजा, की ऑफिसच्या वजनात काही झालं असेल. तर गेल्या दोन वर्षांत झालं असेल. परक्या माणसाच्या हातात किल्ली होती. नवं वजन मागव, सगळ्यांना नवे शिक्के दे, बाईचं प्रकरण पुराव्याअभावी निकालात निघेल असं कर. कुणाचं नाव न येता काम होतं. मी पुष्कळ कामं अशी केली आहेत.

दाखले मला आठवत नाहीत.

मामा


१७ फेब्रुवारी

मामा,

माझी पेटी घेऊन मी बसनं डोंगराच्या जिल्ह्यात गेलो. तिथल्या ऑफिसचं प्रमाण वजन मळकट आहे, कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, पण दर दोन वर्षांचे दाखले ओळीनं लावलेले आहेत. माझा किलो त्याच्याशी बरोबर जुळला. माझा किलो जड नाही.

परत आलो तर किराणावाली ऑफिसच्या बाकावर बसली होती. हातात टाळूला लावायच्या मलमाची डबी. म्हणाली, "साहेब, हे माझं शिसं."

दर वर्षी शिक्क्याच्या वेळी ऑफिस सांगायचं, वजन जड आहे, थोडं कोरा. दुरुस्तीवाला कोरायचा. ती पडलेला कण न कण गोळा करून डबीत टाकायची. मी विचारलं, कशासाठी? म्हणाली, "माझ्या वजनातलं आहे ना? टाकू कशाला?" मी म्हटलं, दर वर्षी वजन जड कसं होतं, असा प्रश्न पडला नाही? "पडला. मला वाटायचं, हवेनं फुगत असेल. लखलखीत साहेब सांगताहेत म्हटल्यावर लोखंड फुगणारच."

डबीतलं शिसं तोललं. सहा ग्रॅमला कणभर कमी. कण कुठं सांडला असेल.

तुम्ही म्हणता तसं पुराव्याअभावी सोडायचं का, हे मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "सोडलं म्हणजे काय? मी केलं आणि सापडलं नाही, असंच ना? लोक रस्ता ओलांडतच राहणार. मला माफी नको साहेब. खोटं कुणाचं होतं ते लिहून द्या."

शेजारच्या निरीक्षकाला मी पत्र टाकलं होतं. त्यानं कळवलं, तो वजन चिमट्यानं उचलायचा आणि पेटीचं झाकण लावून टाकायचा. त्यानं एकदाही घासलं नाही.

आईची पातेली आठवली, मामा. राखेनं बूड पातळ होतं. सव्वीस वर्षांत तेराशेहून जास्त शनिवार होतात.

मी १० तारखेला हे सगळं सांगणार आहे. तुम्ही उत्तर दिलंत तरी आणि नाही दिलंत तरी. मला फक्त एक तुमच्याकडून हवं आहे. वजन प्रयोगशाळेत शेवटचं कधी पाठवलंत?

भाचा


२ मार्च

बाळा,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. मामा बोलत नाहीत. जेवतात, पण मीठ मागत नाहीत. दोन्ही शनिवार पातेली तशीच काळी राहिली. मी मुद्दाम समोर ठेवली होती.

परवा त्यांनी मला विचारलं, "अक्का, मी घासायचो ते चुकीचं होतं का?" मी म्हटलं, पातेल्यांचं विचारतोस तर हो. ते म्हणाले, पातेल्यांचं नाही विचारत. मग उठून अंगणात गेले.

तुला एक सांगून ठेवते. बंदराला ते आयुष्यात एकदाच गेले, नोकरीच्या पहिल्या वर्षी. तिथं घड्याळ चोरीला गेलं म्हणून वहीत ते पान लिहिलं. घड्याळ चोरीला गेलं नव्हतं. वर्षभरानं जुन्या कोटाच्या अस्तरात सापडलं. मीच शिवणीतून काढून हातात दिलं. त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं, पान मात्र बदललं नाही.

तू मागे सरू नकोस. त्यांच्याशी कडू बोलूही नकोस.

आई


५ मार्च

भाच्या,

कधीच पाठवलं नाही.

तुला सापडलेला दाखला मी रुजू होताना मिळालेला आहे. त्यानंतर दर दोन वर्षांनी पाठवायची वेळ आली की मी पेटी बांधायचो. बांधलेली पेटी टेबलावर असायची आणि मला त्या गावातला हमाल, कारकून, गाडीवाला दिसायचा. इतकी वर्षं जपलेली वस्तू त्यांच्या हाती द्यायची? मी दोरी सोडायचो, वजन काढायचो, आणखी जोरानं घासायचो. वाटायचं, स्वच्छ आहे म्हणजे खरं आहे. वरच्या ऑफिसला कळवायचो, तपासणी झाली. माझ्या डोळ्यांनी झालेली असायची.

काल वही काढली. आपल्या जिल्ह्याच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'इथले लोक शिक्का बघतात, वजन बघत नाहीत.' वाचलं आणि खोडलं. हे लोकांचं नव्हतं. त्यांना शिक्क्याकडे बघायला मीच शिकवलं.

तुला 'कुणाचं नाव न येता' असं लिहिलं होतं. ते पत्र जपून ठेव. चौकशीत लागलं तर दे.

नऊ तारखेच्या बसनं येतो. तू सांगू नकोस. मी सांगतो. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे.

मामा


१० मार्च, रात्र

आई,

मामा काल आले. आता खाटेवर आडवे झालेत, झोपले नाहीत. मी तुला लिहितोय हे त्यांना माहीत आहे. म्हणाले, सगळं लिही.

सुनावणीच्या खोलीत एक टेबल, एक तागडी आणि सहा खुर्च्या. किराणावाली धुतलेलं पातळ नेसून पहिल्या खुर्चीवर. खिळेवाला, पीठवाला मागे, बघायला आलेले. अधिकाऱ्यांनी मामांना विचारलं, "तुम्ही निवृत्त आहात. तुम्हाला कुणी बोलावलं?" मामा म्हणाले, "कुणी नाही." मखमलीची पेटी त्यांनी टेबलावर ठेवली, वजन काढलं आणि चिमटा न वापरता हातानं तागडीत ठेवलं. पलीकडे मी माझा किलो ठेवला. मामांचा वर गेला.

मामांनी बोलायला तीन मिनिटं घेतली. घासणं, न पाठवणं, खोटं कळवणं, तीनही सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

अधिकारी म्हणाले, "पितळ? राखेनं?"

"राखेनं."

"दर आठवड्याला?"

"दर शनिवारी."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि जरा वेळ मामांच्या बोटांकडे बघितलं. मग हुकूम लिहिला. दोष दुकानदाराचा नाही, दुकान उघडावं. जिल्ह्यातली सगळी वजनं नव्यानं तपासावीत. निवृत्त निरीक्षकाची चौकशी व्हावी. मामा म्हणाले, "होऊ दे."

किराणावालीनं हुकमाची प्रत मागितली. वर म्हणाली, "मोठ्या अक्षरात द्या. दारावर लावायची आहे."

बाहेर व्हरांड्यात ती मामांसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ऐकवेल. तसा तिला हक्क होता. ती म्हणाली, "साहेब, म्हातारे झालात."

"झालो. तुमच्या वजनातलं शिसं मी काढायला लावलं."

"ते आहे माझ्याकडे." डबी तिच्या कमरेला होती. "पण दीड महिना दुकान बंद होतं ते काही डबीत नाही."

जाता जाता ती म्हणाली, "उद्या सील तुम्ही तोडा. यांनी लावलंय, पण तोडा तुम्ही. आणि लोक असतील तेव्हा या."

खिळेवाला मागेच होता. मामा त्याच्याकडे वळले. "तुमचाही किलो सहा ग्रॅम कमी आहे."

तो म्हणाला, "म्हणजे आम्हीसुद्धा इतकी वर्षं..."

"हो."

तो रस्त्याकडे बघत राहिला. तिच्या घरासमोरून पलीकडे जाणाऱ्यांत पहिला तोच होता.

रात्रीच्या जेवणात मामांनी मीठ मागितलं.

तुझा मुलगा

११ मार्च, सकाळ. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून हे जोडतो.

आठ वाजता मामांनी किराणावालीच्या कुलपावरची लाख फोडली. दुरुस्तीवाल्यानं डबीतलं शिसं वितळवून तिच्या किलोच्या पोटात ओतलं, कमी पडलेला कण स्वतःचा घातला. वजन जुळलं. मी शिक्का मारला. हुकूम दारावर लावला आहे. पहिलं गिऱ्हाईक खिळेवाला. त्यानं मान वर न करता किलोभर साखर मागितली. तिनं तोलली, त्यानं काट्याकडे बघितलं आणि पिशवी घेतली. नंतर आम्ही त्याच्या दुकानात गेलो. दुपारपर्यंत अकरा दुकानं होतील, तीनशे राहतील. माझी फिरती पेटी मामांनी उचलली आहे, मला देत नाहीत.